स्वखुशीचा भरणा

दमयंती गोसावींना कर खात्याची माणसं सकाळीच गाडीत घालून घेऊन गेली. हाताची मिरचीपूड धुवायलाही त्यांना वेळ दिला नाही. दुपारी त्यांच्या यजमानांचा, अप्पारावांचा मला फोन आला. "मॅडम, दोन मिन्टांचं काम हाय म्हणले व्हते. आता तर ती फोनबी उचलंना."

मी सगीरा काझी. या शहरात गेली पंचवीस वर्षं करदात्यांच्या बाजूनं वकिली करते. खात्याचं 'दोन मिनिटांचं काम' काय असतं ते मला चांगलं ठाऊक आहे. तशीच निघाले.

दमयंतीताईंचा पडेगावात मसाल्याचा कारखाना आहे. कांडप, पॅकिंग सगळं त्या बघतात, अप्पाराव माल पोचवतात. हिंगोलीकडच्या एका व्यापाऱ्याकडून त्या हळद घ्यायच्या. मालाच्या किमतीसोबत कराची रक्कमही त्यांनी त्याला बँकेतून चुकती केली होती. त्यानं ती सरकारात भरलीच नाही आणि दुकान गुंडाळून पसार झाला. तो सापडत नाही म्हणून खातं आता तोच कर दमयंतीताईंकडं पुन्हा मागत होतं. चोर सापडला नाही, तर ज्याच्या घरी चोरी झाली त्यालाच धरायचं, असा हा न्याय!

कार्यालयात त्या एका कोपऱ्यात खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांचा मोबाइल जबाब घेणाऱ्या अधिकारी साहेबांच्या टेबलावर होता.

"तुम्ही बाहेर थांबा, जबाब चालू आहे," साहेब म्हणाले.

"समन्स दाखवा."

"समन्स कशाला? बाई स्वतःहून आल्यात."

"स्वतःहून आल्या असतील, तर स्वतःहून जातीलही. उठा, दमयंतीताई."

त्या उठल्या नाहीत. खाली मान घालून पदराचं टोक पिळत राहिल्या. साहेबांनी हसून एक कागद माझ्यापुढं सरकवला. 'सदर रक्कम मी स्वखुशीने भरत आहे.' खाली त्यांची सही. दिवाळीच्या मिरची-धन्यासाठी ठेवलेले पैसे त्यांच्याच मोबाइलवरून भरून घेतले होते.

"झालं काम. आता न्या यांना," साहेब म्हणाले.

जिन्यात त्यांचा बांध फुटला. "सही केली नाय तर कारखान्याला सील लावतो म्हणले. बायका पॅकिंगला बसल्यात, मॅडम. त्यांना काय सांगू?"

"नोटीस नाही, आदेश नाही, तुमचं म्हणणं कुणी ऐकलेलं नाही. ही वसुली टिकूच शकत नाही. उद्या हायकोर्टाच्या खंडपीठात जाऊ."

"नको. मला इथंच धंदा करायचाय. रोज त्यांच्याशीच गाठ हाय."

मला साहेबांचा संताप आला होताच, पण खरं सांगते, त्या क्षणी दमयंतीताईंचाही आला. पंचवीस वर्षं मी हेच बघत आलेय. घाबरवणाऱ्याला फार काही करावंच लागत नाही. पुढचं काम भीतीच करते. पण अशिलानं नको म्हटल्यावर वकिलाचे हात बांधलेले असतात.

दिवाळी उलटल्यावर एके दिवशी त्या माझ्या ऑफिसात आल्या. सोबत शेजारी कूलर बनवणारा अफजल होता. त्यालाही त्याच साहेबांनी बोलावलं होतं.

"मेरेकू क्या बोले मालूम, मॅडम?" अफजल म्हणाला. "शेजारच्या बाईनं हसत हसत भरले, तूच काय मोठा लागून गेला?"

दमयंतीताई उभ्याच होत्या. "हसत? मी हसत भरले? त्या दिवशी मला लघवीलासुदिक जाऊ दिलं नाय. ह्यांनाबी बोलले नव्हते मी हे. अन् माझंच नाव घेऊन दुसऱ्याला लुटायलेत? लिहा, मॅडम. सगळं लिहा."

मी सगळं लिहिलं.

खंडपीठात सरकारी वकिलांनी तो स्वखुशीचा कागद दाखवला. मी कर कार्यालयातल्या कॅमेऱ्याचं त्या दिवसाचं चित्रण मागितलं. कॅमेरा बंद होता, असं उत्तर आलं.

"नेमका त्याच दिवशी?" न्यायमूर्तींनी विचारलं. सरकारी वकील कागद चाळत राहिले.

रक्कम व्याजासह परत करा, काही मागायचं असेल तर रीतसर नोटीस देऊन यांचं म्हणणं ऐका, असा आदेश झाला. अफजलनं मग साहेबांना एक पैसाही दिला नाही. "नोटीस द्या, वकिलामार्फत उत्तर देतो," एवढंच सांगून तो परत आला.

साहेबांविरुद्ध आम्ही त्यांच्या वरिष्ठांकडं केलेली तक्रार मात्र तशीच पडून होती. पैसे परत देऊन त्या खुर्चीवरचा दिवस कसा मिटणार? शेवटी उत्तर आलं. 'चौकशीअंती तक्रारीत तथ्य आढळून आले नाही.' दरम्यान साहेब बढती घेऊन दुसऱ्या शहरात गेले होते.

मी ते दमयंतीताईंना वाचून दाखवलं.

"चौकशी झाली?" त्यांनी विचारलं. "मला कुणी बोलावलं नाय. अफजलभाईला विचारलं नाय. मग चौकशी केली कुणाची?"

मी त्या उत्तराविरुद्ध खंडपीठात नवी याचिका लिहायला घेतली आणि त्यांचा तो प्रश्न पहिल्याच परिच्छेदात घातला. सोबत आलेला अफजल म्हणाला, "त्यात माझंही नाव टाका."