हीटरची फाइल

आमच्या धाकट्या सुनेला पिल्लांच्या धंद्यात येऊन वर्षही झालं नव्हतं, तरी अंडी उबवायची मोठी पेटी तिनं स्वतः पायथनमध्ये लिहिलेल्या प्रोग्रॅमवर चालवायला घेतली. आमच्या ह्यांना ते रुचलं नव्हतं. "एकदा जरी गडबड झाली, तर तुझा प्रोग्रॅम काढून जुनं बटण बसवीन," असं त्यांनी तिला बजावलं होतं.

गडबड झालीच. पिल्लं बाहेर यायच्या आधी पेटी थोडी थंड करावी लागते, नाहीतर ती अशक्त निघतात. सुनेनं कॉम्प्युटरच्या पडद्यावर तापमान कमी केलं. पडदा नवा आकडा दाखवू लागला, पण पेटीतला थर्मामीटर तसूभर हलेना. हे लगेच पकड घेऊन हजर.

"पकड ठेवा खाली," मी म्हटलं. "पोरीला बघू तर द्या."

ती कोड वाचत बसली, मग खुर्ची वळवून म्हणाली, "बाबा, चूक माझीच आहे."

आमच्या घराण्यात हे वाक्य कुणी उच्चारल्याचं मला तरी आठवत नाही. मला तिचा तिथेच अभिमान वाटला.

"तापमानाचा आकडा एका फाइलीत आहे," ती सांगू लागली. "हीटरच्या फाइलीनं सुरू होतानाच तो स्वतःकडे घेतला आणि ती तोच धरून बसली. नंतर पडद्यानं मूळ फाइलीत बदल केला, तो हिला कळलाच नाही."

"मग बंद करून नव्या आकड्यानं सुरू कर."

"आजचं भागेल, बाबा. पुढच्या खेपेला पुन्हा हेच."

तिनं हीटरच्या फाइलीत नुसता आकडा मागवायचा सोडून आकड्याची अख्खी फाइलच मागवली, म्हणजे हीटरनं दर वेळी तिलाच विचारायचं. प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला, पडद्यावर तापमान उतरवलं. हे थर्मामीटरला डोळे लावून बसले. पारा सावकाश खाली आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी अंड्यांना तडे जाऊ लागले. पिल्लं निघायच्या दिवशी हे जेवणसुद्धा पेटीपाशीच उरकतात, माझ्यावरदेखील पेटी सोडत नाहीत.

"सूनबाई, तू आहेस ना इथे?" त्यांनी विचारलं.

"आहे, बाबा."

"मग मी जरा पडतो."

आणि घरी जाऊन चक्क घोरत पडले.