मसुद्याच्या पेटीतले एकोणीस दिवस

मित्रांनो, मी एक जुना प्रश्न आहे. हसू नका. छत्रीला आणि खुर्चीला आत्मवृत्त असतं, मग प्रश्नानेच काय घोडं मारलंय? आज मला कितीतरी लोक वाचतात, पण आयुष्याचे पहिले एकोणीस दिवस मी एका बंद पेटीत काढले. ते मी अजून विसरलेलो नाही.

माझा जन्म तेलाच्या एका डेपोत झाला. तिथे जमिनीखाली एक आडवी टाकी पुरलेली होती. तीत तेल किती आहे ते वरून दिसत नाही. झाकण उघडून मोजकाठी आत सोडायची, ती किती सेंटिमीटर भिजली ते बघायचं आणि तक्त्यात तेवढ्या उंचीसमोरचे लिटर वाचायचे. पण टाकी एका बाजूने खचली आणि जुना तक्ता कुचकामी ठरला. तेव्हापासून सगळा कारभार मोजणीकाकांच्या अंदाजावर चालायचा. काठीवरची ओल बघून ते लिटर सांगत आणि सहसा चुकत नसत. मात्र महिनाअखेरीला काका निवृत्त होणार होते.

त्यांच्या हाताखाली एक बाई हंगामी कामाला होती. साहेबांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं, काका जायच्या आत नवा तक्ता झाला तर त्यांची जागा तुझी, नाहीतर पुढच्या महिन्यापासून येऊ नकोस. बाई चिकाटीची. गणिताचं एक सॉफ्टवेअर ती आपलं आपण शिकली, खचलेल्या टाकीचं सूत्र मांडलं आणि तक्ता काढायला बसली. सॉफ्टवेअरने एक सेंटिमीटरला चार हजार एकशे सतरा लिटर दाखवले. दोनला तेवढेच. शंभरालाही तेवढेच. तीन दिवस तिने डोकेफोड केली, पण आकडा काही हलेना.

या सॉफ्टवेअरचा एक मदत-मंच आहे. अडलेले लोक तिथे प्रश्न टाकतात आणि जाणते लोक उत्तरं देतात. बाईने तिथे नाव नोंदवलं, पडद्याचा फोटो काढला, खाली ‘चालत नाही, तातडीने मदत करा’ असं लिहिलं आणि दिलं पाठवून. तो माझा थोरला भाऊ. दहा मिनिटांत मंचाच्या राखणदाराने लिहिलं, ‘नवीन सभासदांनी आधी नियम वाचावेत. फोटो चालणार नाही. प्रश्न थोडक्यात आणि नेमका लिहा.’ आणि भावाला कुलूप लागलं, म्हणजे त्याच्याखाली आता कुणालाच काही लिहिता येईना. राखणदाराचं चुकलं नव्हतं हो, पण चारचौघांत कान धरून बाहेर काढल्यासारखं तिला झालं.

मग तिने मला लिहिलं आणि न पाठवता मसुद्याच्या पेटीत ठेवलं. थोडक्यात आणि नेमका, हे तिने फारच मनावर घेतलं. रोज जेवणाच्या सुट्टीत ती मला उघडायची आणि कात्री लावायची. सॉफ्टवेअरला दिलेल्या आज्ञा धरून मी चाळीस ओळींचा होतो, वीसचा झालो, शेवटी सहाच ओळी उरल्या. तिने केलेले कच्चे प्रयोग, चाचण्या, सगळं लाजेपोटी काढलं. ‘मी नवीन आहे, सांभाळून घ्या’ हे वाक्य तिने पाच वेळा लिहिलं आणि पाच वेळा पुसलं. बोट ‘पाठवा’पाशी जायचं आणि माघारी फिरायचं. मग पेटी बंद. आत मिट्ट काळोख. आपण कशासाठी जन्मलो ते ठाऊक असावं आणि दाराबाहेर पाऊल टाकता येऊ नये, याचा फार राग यायचा मला. तिचाही यायचा, खोटं कशाला बोलू?

एकोणिसाव्या दिवशी काका तिच्या मागे येऊन उभे राहिले.

“चार दिवस राहिलेत, पोरी. रोज उघडतेस आणि बंद करतेस, आहे तरी काय ते?”

“प्रश्न आहे, काका. पण तिथे सगळी शिकलेली माणसं. हसतील.”

“हसू देत की. पहिल्या दिवशी मी काठी उलटी सोडली होती. अख्खा डेपो हसला. परत कधी उलटी सोडली का मी?”

तिने डोळे मिटून बटण दाबलं आणि मी बाहेर पडलो. अर्ध्या तासात उत्तर आलं, ‘आमच्याकडे हे नीट चालतंय. प्रत्येक उंचीला वेगळे लिटर येतात.’

बाईचा चेहरा पडला. “म्हणजे खोट माझ्यातच आहे,” ती म्हणाली. खोट कुठे होती ते मला ठाऊक होतं. मला कापूनकुपून तिने नीटनेटकं केलं, पण उरलेल्या सहा ओळी एकट्या कधी चालवून पाहिल्याच नव्हत्या. स्वतःच्या फाइलमध्ये ती रोज वरपासून सगळ्या ओळी चालवायची. पण मी सांगणार कसं? प्रश्नाला उत्तर द्यायची सोय नसते.

“त्यांना सगळं सांगितलंस का?” काकांनी विचारलं.

“वरचं काढून टाकलं. फार वेडंवाकडं होतं.”

“डॉक्टरला अर्धंच दुखणं सांगितलंस तर तो बिचारा काय करणार?”

तेव्हा तिने त्या चाळीसच्या चाळीस ओळी माझ्याखाली आणून टाकल्या. या वेळी खुद्द राखणदाराने लिहिलं, ‘तिसऱ्या ओळीत तुम्ही उंचीला चाळीस ही किंमत दिली आहे, बहुधा चाचणीसाठी. ती तशीच राहिली, म्हणून प्रत्येक उत्तर चाळीस सेंटिमीटरचंच येतं. ती ओळ पुसा आणि सॉफ्टवेअर पुन्हा सुरू करा. नवीन असताना मीही हेच केलं होतं.’

तिने ओळ पुसली. एक सेंटिमीटरला सोळा लिटर आले, दोनला त्याहून जास्त, आणि आकडे चढतच गेले. काकांनी टाकीत काठी सोडली. बावन्न सेंटिमीटर. “पाच हजार आठशे,” ते म्हणाले. तक्त्यात पाच हजार सातशे नव्वद होते. काकांनी पुन्हा एकदा काठी पाहिली.

“दहा लिटर माझे चुकले,” ते म्हणाले आणि मोजकाठी तिच्या हातात दिली.

मित्रांनो, आता मलाही कुलूप आहे, ‘उत्तर मिळालं, चर्चा बंद.’ त्याचं मला दुःख नाही. कुलूप लागण्याआधी एका अनोळखी माणसाने माझ्याखाली एक ओळ लिहिली होती, ‘हाच प्रश्न मी आठ महिने लिहून ठेवलाय. पाठवायचा धीर झाला नाही.’ आठ महिने. मला एकोणीस दिवस सोसवले नाहीत. तुमच्याही पेटीत माझा एखादा भाऊ पडला असेल, तर त्याला फार नटवत बसू नका. ज्या ओळीची लाज वाटते, तिच्यासकट त्याला आजच बाहेर पाठवा. आमच्या बाईचं उत्तर त्याच ओळीत होतं.