बाबांच्या दंडावरची पांढरी पट्टी

शिह बाईंचं मुंडकं उद्या सकाळी उडवणार होते, आणि हुकूम काढणारे गव्हर्नर म्हणजे माझेच बाबा! बाई आम्हाला भूगोल शिकवतात. गुन्हा काय, तर चीनच्या सम्राटाविरुद्ध उठलेल्या बंडवाल्यांसाठी दंडाला बांधायच्या पट्ट्या शिवल्या.

आज सकाळीच मी बाबांसमोर गुडघे न टेकता, सरळ उभी राहून म्हटलं, "बाईंना सोडा."

"हिला शाळेत घातलं तिथंच चुकलं," बाबा आईला म्हणाले आणि कचेरीत गेले.

दुपारी बंडवाले कचेरीत घुसले. आई आणि मी मागच्या अंगणात लपून उभ्या. तेवढ्यात आमचाच पहारेकरी आला, दंडावर पांढरं फडकं. मागून दुसरा, तिसरा, सगळे पांढऱ्यात! घरात कुणी गेल्याशिवाय आमच्याकडे अंगाला पांढरं लावत नाहीत. आईने काही विचारलंसुद्धा नाही. केसांतले सोन्याचे काटे उपसून फेकले आणि जमिनीवर कपाळ आपटत तिने जो टाहो फोडला! बाबांशी शेवटचं बोलले ते असं?

आणि बाबा स्वतः आत आले. सम्राटाच्या हुकमाने राखलेली लांब वेणी कापलेली, दंडावर पट्टी.

"कोण गेलं?"

"तुम्ही!" आई किंचाळली.

"मी कशाला जातोय? सम्राटाचं राज्य गेलं. आजपासून मी प्रजासत्ताकाचा गव्हर्नर."

"अहो, काल तर या बंडवाल्यांचीच डोकी उडवत होतात!"

"प्रांत चालवायला अनुभवी माणूस लागतो," बाबा मान चोळत म्हणाले.

मी मध्येच विचारलं, "मग शिह बाई?"

"कोण शिह?"

विसरलेसुद्धा! मग आठवलं. "हां, ती. आणा तिला. पट्ट्या कमी पडताहेत."

बाई आल्या. मानेवर कैद्यांच्या गळ्यात अडकवायच्या लाकडी खोड्याचे वळ. बाबा गोड हसले, "या बाई! आपण एकाच बाजूचे."

बाईंनी बाबांची पट्टी निरखली. "ही मीच शिवलेली. तुम्ही जप्त केलेल्या गठ्ठ्यातली."

"पुरावा म्हणून जपली होती," बाबांनी अगदी अभिमानाने सांगितलं!

"मला सोडल्याचा कागद द्या."

"तेवढं थांबावं लागेल. जुना शिक्का आता चालत नाही, नवा अजून कोरायचाय. तोवर कोठडीतच बसून शिवा."

"बाबा!" मी ओरडलेच. "जुना शिक्का चालत नसेल, तर बाईंना धरल्याचा हुकूमही रद्दच की!"

पहारेकरी एकमेकांकडे बघायला लागले. बाईंनी मात्र कुणाकडेच बघितलं नाही. झगा झटकला आणि भर दुपारी मोठ्या दरवाजातून निघून गेल्या.