दिल्लीच्या साहेबांशी मराठीत

आमची मराठी ऐकून पुण्याकडचे लोक हसतात, हे मला लहानपणापासून ठाऊक. तीनशे वर्षं तंजावरात राहिलेल्यांनी आणखी कसं बोलावं? पण पासष्ट साली, मार्गळी महिन्यात, म्हणजे डिसेंबराच्या सुमाराला, त्याच मराठीपायी गावच्या शेतकऱ्यांनी मला डोक्यावर घेतलं आणि मी माती खाल्ली.

मी तुळजाजी, मद्रासेत तिरुवल्लिकेणीच्या शाळेत वाध्यार, म्हणजे मास्तर. तंजावरकडे आमची तीन एकर जमीन आहे, ती माझी थोरली बहीण गोदा पिकवते. त्या वर्षी भात जिल्ह्याबाहेर न्यायला बंदी होती. घेणार सरकारच, आणि भाव सांगणार कापणी झाल्यावर. तिकडं भात पडून, आणि इकडं मद्रासेत माझी बायको अलमेलू रेशनच्या रांगेत! याला काय राज्य म्हणायचं?

दिल्लीहून अन्नखात्याचे एक साहेब शेतकऱ्यांचं ऐकून घ्यायला मद्रासेला येणार होते. आमच्या गावाला वीस मिनिटं मिळाली. गावाहून रामस्वामी आणि वेंकटरमण हे दोघे शेतकरी आले आणि आमच्या ओट्यावर बसून दोन दिवस भांडले. मागण्या पाच: भाव, पाणी, खत, बियाणं आणि ती बंदी. पहिली कुठली? वेंकटरमणाचं शेत कालव्याच्या अगदी शेवटाला, तो पाण्यासाठी हटून बसला.

रामस्वामी म्हणाला, "अडे, वीस मिनिटांत पाच सांगशील तर एकही ऐकणार नाहीत. भाव कापणीआधी सांगा, आणि खतामजुरीचा खर्च धरून सांगा. एवढंच मागू."

वेंकटरमणाचे डोळे भरले, पण तो "सरी", म्हणजे बरं, म्हणाला. पाण्याचं शेवटी जमलं तर घालीन, असा मी त्याला शब्द दिला.

"आणि बोलणार वाध्यारच," रामस्वामी म्हणाला. "साहेब मराठी आहेत. मागल्या वर्षीच्या दुभाष्यानं आमचं सगळं बोलणं एका वाक्यात गुंडाळलं. आता आपला माणूस त्यांच्याच भाषेत सांगेल. कसे नाही म्हणतील?" कागद लिहून न्यायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. मी होतों ना!

साहेबांचं नाव कृष्णकांत आगटे. खोलीत गेल्यावर मी हात जोडून म्हणालों, "आम्हां शेतकऱ्यांचं गाऱ्हाणं साहेबांनी कृपा करून परिसावं."

साहेब खुर्चीतून उठलेच. "काय म्हणालात? परिसावं? अहो मास्तर, हा शब्द मी पोथीत वाचलाय! माणसाच्या तोंडून आज ऐकतोय. घरी असंच बोलता तुम्ही?"

"होय. आई तर..." म्हणालों, आणि तिथंच घसरलों.

खरं सांगू? जन्मात कुणी माझ्या मराठीला चांगलं म्हटलं नव्हतं. इथं दिल्लीचा साहेब वही उघडून माझा शब्द न् शब्द टिपत होता. मामीला काय म्हणता? सांगितलं. उखळाला, विळीला, उंबऱ्याला काय म्हणता? सांगितलं. "आणि तांदळाला?" मला वाटलं, आता आलं. भावाचं काढायला तोंड उघडतों, तोवर साहेब म्हणाले, "जात्यावरचं एखादं गाणं येतं?"

आणि मी गाढव, गायलों. चार कडवी! मागं वेंकटरमण मान डोलावत होता. मराठीचं अक्षर न कळणाऱ्या त्या बिचाऱ्याला वाटलं, गावचं दुःखच मी सुरात सांगतोंय.

शिपायानं आत येऊन वेळ संपल्याचं सांगितलं. मी घाबरून म्हणालों, "साहेब, भाव कापणीच्या आधी..."

"हो हो, ते बाहेर लेखी देऊन ठेवा ना." त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "फार आनंद दिलात, मास्तर."

बाहेर येताच वेंकटरमणानं माझे हात आपल्या डोळ्यांना लावले. "तीन पानं लिहिली साहेबांनी! सगळं सांगितलंस?"

"सांगितलं," मी म्हणालों.

"पाण्याचंही?"

"पाण्याचंही."

दुसऱ्या दिवशी मी गुपचूप लेखी अर्ज घेऊन गेलों, तर साहेब सकाळच्या विमानानं परत गेलेले. अर्ज शिपायानं ठेवून घेतला.

भाव जाहीर झाला तो पोंगल होऊन गेल्यावर, कापणी आटोपल्यावर, गेल्या सालचाच. मजुरीसुद्धा सुटली नाही, असं गोदानं कळवलं. पुढं उन्हाळ्यात रामस्वामी आणि वेंकटरमण मद्रासेला आले, तेव्हा मी शिव्या खायच्या तयारीनं बसलों. खरं तर मला त्या हव्याच होत्या.

रामस्वामी म्हणाला, "तू मनापासून सांगितलंस, गाऊनसुद्धा सांगितलंस. दिल्लीनं ऐकलं नाही, त्याला तू काय करशील? पुढल्या वेळी दुसरा साहेब आला, तरी बोलायचं तूच."

"आणि वाध्यार," वेंकटरमण म्हणाला, "पाण्याचं त्याही वेळी शेवटीच घाल. मागल्या वेळी घातलंस ना, तसंच."

"घालतों," मी म्हणालों.