तोंड खाली, हाक वर

मी बोलतोय तो बागेतल्या घसरगुंडीशेजारून. तिथे ते लोखंडी काहीतरी उभं आहे ना, तोच मी. आवाज दबका वाटला तर रागावू नका. माझं तोंड काँक्रीटमध्ये गाडलेलं आहे.

मला एका शिल्पकार बाईंनी घडवलं. पत्रा तापवून, ठोकून, वळवून त्यांनी मला खाली निमुळता केला आणि वर मोठ्ठं उघडं तोंड दिलं. त्यांची नणंद चहा घेऊन यायची.

"वहिनी, हे नक्की काय आहे?"

"हाक आहे. आभाळाकडे बघून मारलेली."

"बरं. चहा गार होतोय."

ट्रकमध्ये तोंडाचा घेर चेपू नये म्हणून बाईंनी त्याला जाड लोखंडी कडं बोल्ट लावून तात्पुरतं बसवलं. नेमक्या त्याच वेळी त्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात गेल्या. बागेत क्रेन आली. मुकादमाने कडं पाहिलं, बोल्ट पाहिले आणि म्हणाला, "हा बघा पाया." झालं, मला उलटा उभा करून तोंडाभोवती काँक्रीट ओतलं. उद्घाटनाला पाहुण्यांनी माझं भरभरून कौतुक केलं.

तेव्हापासून मी कोंडलोय. उन्हात आतली हवा तापते, तिला बाहेर पडायला जागा नाही. लोक मान तिरकी करून बघतात, "मॉडर्न दिसतंय" म्हणतात आणि माझ्या सावलीत डबा उघडतात. अस्सा संताप येतो म्हणून सांगू!

एक दिवस बाई काठी टेकत आल्या आणि माझा जीव भांड्यात पडला.

"हे उलटं लावलंय," त्या बागेच्या साहेबांना म्हणाल्या.

साहेब कसंनुसं हसले. "अहो बाई, लोकांना हे असंच आवडलंय. आता सरळ केलं तर विचारतील, हे उलटं का केलं?"

बाईंनी काठी नणंदेच्या हातात दिली. पाय फाकवून वाकल्या आणि दोन पायांमधून माझ्याकडे बघू लागल्या. डोळ्यांतलं पाणी कपाळाकडे ओघळलं. बाकावरची माणसं हसली.

"वहिनी, गुडघा सांभाळा," म्हणत नणंद त्यांना धरायला वाकली. वाकल्यावर तिचंही लक्ष माझ्याकडे गेलं. बराच वेळ ती तशीच राहिली.

"वहिनी," ती हळूच म्हणाली, "हा केवढ्यांदा ओरडतोय."

मी अजून तसाच आहे. कधी बागेत आलात तर एकदा वाकून बघाल का? लोक हसतील, हसू देत.