बिनचेंडूचा सराव

डेलमर रस्क बुटाची नाडी आवळत होता, तेवढ्यात ऑटो व्हिटिकर येऊन त्याच्या शेजारी बाकावर बसला. ऑटो गावाच्या बेसबॉल संघाचा मॅनेजर. खेळाडूंशी तो उभ्यानेच बोलायचा. बसला की समजायचं, गाशा गुंडाळायची वेळ आली. नऊ वर्षांत त्याला असं तेरा-चौदा जणांशेजारी बसताना डेलमरने पाहिलं होतं आणि त्या प्रत्येकाला हसवत हसवत स्टेशनवर पोचवलं होतं.

"जरा लांब बस बाबा," डेलमर म्हणाला. "तू बसलास की मला धडकी भरते."

ऑटो हसला नाही. हा संघ ज्याच्या हाताखाली होता त्या वरच्या क्लबने डेलमरच्या जागी एक नवा शॉर्टस्टॉप पाठवलाय, बावीस वर्षांचा, सकाळच्या बसने आलाय, आजपासून तोच खेळेल, असं त्याने जमिनीकडे बघत सांगितलं. चेंडू अडवण्यात तो डेलमरच्या पासंगालाही पुरणार नाही, पण त्याची बॅट चालते.

"माझीही चालते," डेलमर म्हणाला. "फक्त चेंडूपर्यंत पोचत नाही."

शॉर्टस्टॉप म्हणून दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये उभं राहून डेलमरने अडवलेल्या चेंडूंच्या गोष्टी गावातली माणसं न्हाव्याच्या दुकानात बसून सांगायची. पण बॅट हातात आली की दहा वेळांत दोनदाही धड फटका बसत नसे. तरी गाव त्याच्यावर जीव टाकायचं. आता चौतिसाव्या वर्षी दुसरा कोणताच क्लब त्याला विचारणार नव्हता, आणि हे दोघांपैकी कोणाला बोलून दाखवावं लागलं नाही. सासऱ्याच्या धान्यकोठीत वजनकाट्यावर एक जागा होती. सासरा पाच वर्षं तेच सांगत होता.

ऑटो मात्र उठेना. त्याला आणखी काही मागायचं होतं आणि मागायची लाज वाटत होती. आज रविवार. सामन्याआधीचा बिनचेंडूचा सराव बघायला लोक तासभर आधी येऊन बसले होते. तेवढा करून जाशील का, असं त्याने विचारलं.

"म्हणजे चेंडू नसेल तिथे मला जागा आहे."

"नाही म्हणालास तरी चालेल, डेल."

"माझी टोपी दे ती."

या सरावात ऑटो रिकाम्या हवेत बॅट फिरवायचा आणि सगळा संघ नसलेला चेंडू अडवून इकडून तिकडे फेकायचा. डेलमर त्यातला राजा होता. त्या दिवशी त्याने सूर मारले, पाठीमागून चेंडू काढला, एकदा तर टोपीतून काढला. पहिल्या बेसवरच्या धिप्पाड लोनीकडे त्याने असा काही चेंडू फेकला, की लोनी चार पावलं मागे जाऊन आपटला. लोकांची हसून हसून पुरेवाट झाली.

मग आला शेवटचा चेंडू. ऑटोचा नियम सरळ होता. प्रत्येकाने आपला शेवटचा चेंडू नीट अडवायचा, पहिल्या बेसकडे फेकायचा आणि पळत मैदानाबाहेर जायचं. सुटला तर आणखी एक. नीट अडवल्याशिवाय बाहेर जायचं नाही. पहिल्या बेसवरचा लोनी सोडून बाकीचे एकेक करून गेले. डेलमरला नऊ वर्षांत या दुसऱ्या चेंडूची गरज कधीच पडली नव्हती.

ऑटोने बॅट फिरवली. डेलमर डावीकडे झेपावला आणि चेंडू त्याच्या ग्लोव्हखालून निघून गेला. तो वळून पार गवतापर्यंत त्याच्याकडे बघत राहिला.

लोक खो खो हसले.

"आणखी एक," डेलमर ओरडला.

पुढचा पायांमधून गेला. त्यापुढचा मनगटाला लागून उडाला. हशा वाढतच गेला. नवा खेळाडू कोरी टोपी घालून पायरीवर उभा होता, तोही टाळ्या वाजवत होता. चौथ्या वेळी मात्र डेलमरने तोंड वेडंवाकडं केलं नाही. फक्त चेंडू सोडला आणि पुन्हा वाकून उभा राहिला. लोनीने पुढे धरलेला ग्लोव्ह हळूच खाली घेतला.

सातव्या की आठव्या चेंडूला हसणं ओसरलं. पुरे आता, असं कोणीतरी म्हणालं. अंपायर येऊन ऑटोच्या शेजारी उभा राहिला. ऑटोचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. समोर डेलमर गुडघे वाकवून, दोन्ही हात मातीजवळ नेऊन वाट बघत होता. रोज तो असाच उभा राहायचा.

"आणखी एक," डेलमर म्हणाला. आता ओरडावं लागलं नाही, मैदान तेवढं शांत झालं होतं.

अंपायरने मनगटावरचं घड्याळ पुढे केलं. ऑटोने ते नीट पाहिलं, मान डोलावली, आणि डाव्या हाताने चेंडू पुन्हा वर उडवला.