कापसात अडकणारी सुई

मित्रांनो, मी इंजेक्शनची एक जुनी सुई आहे. माझे नाव काढताच तुम्ही हात पाठीमागे नेता, हे मला ठाऊक आहे. तरी थोडे ऐका.

माझा जन्म विलायतेतल्या कारखान्यात झाला. महायुद्धाच्या आधी मी फुलचूर गावातल्या एका छोट्या दवाखान्यात आले. गळू कापण्याआधी जागा बधिर करायचे औषध माझ्यातून जाई. कंपाउंडर दुलीचंद मला रोज दगडावर घासून धार लावी, मग कापसातून ओढून पाही. एक तंतू अडकला तरी पुन्हा घाशी. थंड औषध जास्त झोंबते म्हणून बाटली मुठीत धरून कोमट करी. डॉक्टरही औषध सावकाश सोडत. "दुखत नाही," असे दुलीचंद प्रत्येकाला सांगे आणि ते बहुतेक खरे असे. लोक त्याचे नाव घेत. माझे कोण घेणार?

मग युद्ध सुरू झाले. नव्या सुया मिळेनात. त्यातच दुलीचंदची नजर अधू झाली. अडकलेला तंतू त्याला दिसेना, पण नोकरी जाईल या भीतीने तो गप्प राहिला. माझे टोक गळासारखे वाकले होते. मला स्वतःची लाज वाटे.

भाताच्या रोवणीच्या दिवसांत जमुनाबाई नावाची एक बाई आली. नखुरडे होऊन तिच्या उजव्या हाताचे बोट टम्म सुजले होते. दुलीचंदने नेहमीचेच सांगितले. तिने विश्वासाने हात पुढे केला. मी शिरले ती कातडी फाडतच. किंचाळून तिने हात हिसकावून घेतला आणि ती उठली. पू आज काढला नाही तर विष वर चढेल, असे डॉक्टर बजावत राहिले. ती थांबली नाही.

अकराव्या दिवशी तिला बैलगाडीतून आणले. हात कोपरापर्यंत काळा पडला होता. क्लोरोफॉर्म देऊन तो कापावा लागला.

पुढे पट्टी बदलताना दुलीचंदने विचारले, "बाई, डॉक्टरसाहेबानं सांगतलं होतं. काऊन नाही आले तुमी?"

ती म्हणाली, "तुमी म्हणलं दुखत नाही. ते लबाड निघालं. मंग त्यायचं खरं कायले मानू?"

दुलीचंदने त्याच दिवशी डॉक्टरांना आपल्या डोळ्यांचे सांगितले. मला डबीत टाकून दिले. ते योग्यच झाले.

मित्रांनो, कोणाच्या अंगाला हत्यार लावायची वेळ आली तर ते आधी नीट करा, आणि दुखणार असेल तर तसे सांगा. माणूस दुखणे सोसतो. जमुनाबाईनेही दात आवळून सोसले असते, आणि तिचा उजवा हात जागेवर राहिला असता.